दचकला की शॉक बसला

पोलिसांना मी सांगितलेला शब्द चुकीचा होता, हे मला पाच आठवड्यांनी कळलं. तोवर त्या शब्दाखाली माझी सही होऊन गेली होती.

जे घडलं ते शनिवारी भर दुपारी घडलं. म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या आमच्या विद्यार्थी वसतिगृहात प्रत्येक मजल्याला एक सामायिक स्वयंपाकघर आहे. त्या वेळी तिथे आम्ही दोघेच होतो, दादा आणि मी. दादा माझा सख्खा भाऊ नाही. तो लातूरकडचा, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. मी बार्शीजवळच्या गावचा, मास्टर्सला. मी म्युनिकच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझी बॅग उचलायला तोच आला होता, खोली मिळेपर्यंत तीन आठवडे मी त्याच्याच खोलीत जमिनीवर झोपलो, आणि नगरपालिकेत पत्ता नोंदवायला गेलो तेव्हा काउंटरवर काय बोलायचं ते त्यानं मला युबानमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, दहा वेळा म्हणायला लावलं होतं. तो दादा त्या दिवशी खिडकीशी पोळ्या लाटत होता. मी बटाटे उकडत ठेवले होते आणि ते शिजले का हे सुरीनं टोचून बघत होतो.

आमच्या मजल्यावर एक उंच, हसरा मुलगा राहायचा. त्याला माणसांना दचकवायचा नाद होता. दाराआड लपायचं, समोरचा बेसावध असला की ओरडत अंगावर जायचं, त्या क्षणाचं तोंड मोबाइलवर टिपायचं आणि मजल्याच्या ग्रुपवर टाकायचं, खाली एखादा इंग्रजी शब्द. मी दोनदा सापडलो होतो, दादा तीनदा. तिसऱ्या वेळी दादाच्या हातातलं वरणाचं पातेलं उलटून पायावर फोड आले, आणि ग्रुपवर सगळ्यांनी हसणारी तोंडं पाठवली. मीही एक पाठवलं होतं.

त्या शनिवारी तो अनवाणी आला. एका हातात मोबाइल, दुसऱ्या मुठीत बर्फ. दादाची पाठ होती. मला तो दिसला. त्यानं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि मी गप्प राहिलो.

बर्फ दादाच्या कॉलरमधून आत गेला आणि त्याच वेळी कानाशी किंकाळी. दादा वळला. वळतानाच हातातलं लाटणं फिरलं आणि त्या मुलाच्या भुवईवर बसलं. भुवई फाटली. मोबाइल उडून माझ्या बटाट्यांच्या उकळत्या पाण्यात पडला. तो मुलगा ओट्याला आपटून खाली बसला, भुवईचं रक्त डोळ्यात गेलेलं, आणि त्यानं उजवा हात बोटं पसरून तोंडासमोर धरला. मग दुसरा फटका आला. तो त्या बोटांवर बसला. भुईमुगाची शेंग दाताखाली फुटावी तसा आवाज झाला.

त्यानंतर तो ओरडला. आधीच्या फटक्याला तो ओरडला नव्हता.

दादानं लाटणं पोळपाटावर ठेवलं. कणकेत रक्ताचे थेंब उडाले होते. तव्यावरची पोळी जळत होती, ती त्यानं चिमट्यानं उचलून बाजूला ठेवली. मी सुरी हातात धरून उभा होतो. आवाजानं दारात माणसं जमली. त्यातल्या कुणीतरी मला हळूच जर्मनमध्ये सांगितलं, आधी ती सुरी खाली ठेव.

दोन दिवसांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. समोर एक पन्नाशीची पोलीस अधिकारी होती, चष्मा साखळीला अडकवलेला. दुभाषी हवा का, असं तिनं विचारलं. मी नको म्हणालो. मला इंग्रजी येतं, असं मी जरा ताठ बसूनच सांगितलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंग्रजी येतं हे वाक्य मी फार कष्टानं मिळवलेलं आहे, ते कुठेही म्हणायची संधी मिळाली तर सोडत नाही.

ती इंग्रजीत विचारायची आणि जर्मनमध्ये टाइप करायची. किती फटके? मी म्हणालो, सगळं फार पटकन झालं, मी शेगडीकडे बघत होतो. मारताना त्याचा चेहरा कसा होता? मनात आलेला शब्द 'दचकलेला' असा होता. तोंडातून आलं, "ही वॉज शॉक्ड."

तिनं टाइप केलं. शेवटी सगळं जर्मनमध्ये वाचून दाखवलं. मला निम्मं कळलं. "बरोबर?" तिनं विचारलं. मी "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणालो आणि सही केली.

ज्यांना कळणार नाही त्यांना सांगतो, हा शब्द माझ्या तोंडात असा सहज का आला. आमच्याकडे कशालाही शॉक बसतो. बारावीला अपेक्षेपेक्षा जास्त मार्क पडले, शॉक बसला. वर्गातल्या मुलीचं लग्न ठरलं, शॉक बसला. ओल्या हातानं मोटर चालू केली, तोही शॉकच. मी मराठी शाळेत शिकलो. इंग्रजी शब्द शब्दकोशातून पाठ केले, आणि त्या शब्दकोशात सरप्राइज्ड, अस्टॉनिश्ड, अमेझ्ड, स्टार्टल्ड, सगळ्यांपुढे एकच अर्थ छापला होता: आश्चर्यचकित. मला वाटायचं, इंग्रजांना एकाच गोष्टीसाठी इतके शब्द का लागत असतील. आपल्याच भाषेत दचकणं वेगळं, चाट पडणं वेगळं, हबकणं वेगळं, आ वासणं वेगळं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. घरचे शब्द कुठल्या परीक्षेत येत नव्हते.

आणि लाज वाटते ती या गोष्टीची, की त्या दिवसांत माझं कामच हे होतं. विद्यापीठाच्या एका संशोधन प्रकल्पात मी आठवड्यातून दोन दुपारी बसायचो. संगणकावर माणसांच्या चेहऱ्यांचे छोटे छोटे व्हिडिओ येत. प्रत्येक चेहऱ्यासाठी खाली इंग्रजी शब्दांची बटणं असत, त्यातलं योग्य ते दाबायचं. एकट्या आश्चर्यासाठीच दहा-बारा बटणं होती. टेकन अबॅक. स्टन्ड. अघास्ट. डम्फाउंडेड. फ्लॅबरगास्टेड हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला स्लॅब कोसळल्याचा भास झाला. काहीच दिसत नसेल तर शेवटी एक करडं बटण होतं, न्यूट्रल.

पहिल्या महिन्यातच प्रकल्प बघणाऱ्या संशोधक बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या फार सौम्य बोलायच्या.

"हा माणूस बघ," त्या म्हणाल्या. पडद्यावर एक जण दार उघडत होता. भुवया वर, तोंड उघडं, डोळे मोठे. "त्याचा वाढदिवस आहे. खोलीत त्याचे मित्र लपलेत. तू त्याला 'टेरिफाइड' म्हटलंस."

"सॉरी."

"ही बाई. तिला नोकरी मिळाल्याचा फोन आलाय. टेरिफाइड. हा म्हातारा, त्याला पहिलं नातवंड झालंय."

"सॉरी," मी पुन्हा म्हणालो.

"सॉरी नको. मला फक्त समजून घ्यायचंय. तुला यात भीती कुठे दिसते?"

मी सांगितलं नाही. जे सांगायला हवं होतं ते इंग्रजीत मांडता आलं नसतं, आणि मराठीत मी ते कधी मांडलंच नव्हतं.

माझ्या वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. दुकानात जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या खिळ्याला टांगलेल्या असत. त्यातली एक घरी असे. ती पट्टी अंगावर बसली की आधी काही कळत नाही, मग एकदम भाजल्यासारखं होतं आणि कातडी वर उचलली जाते. आईच्या दंडावरचे त्या पट्टीचे वळ मी मोजलेले नाहीत. मला शाळेत पाठ टेकून बसता येत नसे ते दिवस मात्र आठवतात. एकदा पट्टी माझ्या कानावर बसली आणि आठवडाभर त्या कानात शिट्टी वाजत राहिली. एकदा आईचा दात तिच्याच ताटात पडला आणि तात्यांनी तिला भात संपवायला सांगितलं. तात्या वळले की आईचं तोंड उघडायचं, भुवया वर जायच्या, डोळे मोठे व्हायचे. मी ते तोंड इतक्या वेळा बघितलं होतं की त्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, असं मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

लोकांना वाटतं, चिडलेला माणूस मारतो. तात्या चिडले की शिव्या द्यायचे, टायर लाथाडायचे, आणि संपायचं. मारायचे तेव्हा ते शांत असत. पंक्चर शोधताना ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघायचे ना, तसे.

बाईंनी मला त्या दिवशी एक फरक दाखवला. "सरप्राइज डोक्याला होतं," त्या म्हणाल्या, "स्टार्टल शरीराला. स्टार्टल झालेल्या माणसाचे डोळे मोठे होत नाहीत, आधी मिटतात. खांदे कानाशी जातात, मान आत जाते. पापणी लवते तेवढ्यात सगळं संपतं. मग तो बघतो, आणि मग पुढचं सुरू होतं, हसू, राग, जे असेल ते." त्यांनी व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवला. मी वहीत लिहून घेतलं. स्टार्टल्ड म्हणजे दचकलेला, असं समोर मराठीत लिहिलं.

वहीत लिहिलेलं पोलीस ठाण्यात आठवलं नाही.

पाच आठवड्यांनी दादा माझ्या खोलीत आला. हातात वकिलाकडून आलेले कागद. एका ओळीखाली लाल रेघ होती.

"हे तू सांगितलंस?"

मी वाचलं. एर वार शॉकिएर्ट.

"शॉक बसला असं म्हणालो मी," मी म्हणालो. "इंग्रजीत."

"शॉक बसला! का, मी काय मिक्सरला ओला हात लावला होता?" तो कॉटवर बसला. "दिवसभर तिथे जगाच्या तोंडांना नावं देतोस, आणि माझ्या तोंडाची वेळ आली तेव्हा नेमका एसटी स्टँडवरचा शब्द काढलास होय रे? शॉकिएर्ट म्हणजे काय माहितीये? 'हे असं वागणं!' म्हणून ज्याला धक्का बसतो तो. अपमान वाटलेला. वकील म्हणतो, सरकारी बाजू म्हणणार की याला राग आला आणि रागानं मारलं. आणि लाटणं यांच्या लेखी हत्यार आहे. हत्यारानं, रागानं. समजतंय का तुला? माझा इथे राहायचा परवाना जाईल. थिसिस द्यायला चार महिने राहिलेत."

"मला दचकला म्हणायचं होतं."

"मग तेच म्हण ना! एरश्रोकन. म्हण."

"एरश्रोकन."

"श्रो. घशातून. पुन्हा."

पत्ता नोंदवायच्या वेळी शिकवलं होतं तसंच तो मला शिकवत होता. मी चार-पाचदा म्हणालो. त्याचा आवाज जरा खाली आला.

"तेवढा शब्द बदलून ये. ते पुन्हा घेतात जबाब, मी विचारलंय. बाकी एक अक्षर बोलायचं नाही."

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"दुसरा काय?"

"दुसरा फटका."

तो कागद घडी करू लागला. आडवी घडी, मग उभी. "एकच होता. लाटणं हातातून सुटताना परत लागलं असेल. तू कुठे बघितलंस? तू बटाटे बघत होतास."

"हो," मी म्हणालो.

"झालं तर मग." दारात तो थांबला. "तुझ्याशिवाय कुणी नव्हतं रे तिथे. नाहीतर तुला एवढा त्रास दिला नसता मी."

मला त्याचा राग आला नाही. तो सांगत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. पहिल्या फटक्याच्या वेळी त्याचे डोळे मिटलेले होते, मी स्वतः बघितलं होतं. खांदे कानाशी होते. बाईंनी व्हिडिओ थांबवून दाखवलेला चेहरा तोच होता, आणि तो माझ्या एका शब्दामुळे रागीट ठरला होता. तो शब्द दुरुस्त करणं माझं कामच होतं. मी अर्ज पाठवला, आणि या वेळी मराठी दुभाषी हवा असं लिहिलं.

त्या आठवड्यात तो मुलगा मला स्वयंपाकघरात भेटला. आता तो आत येताना दार वाजवायचा. त्याच्या उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर होतं आणि भुवईवर टाक्यांची रेघ. डाव्या हातानं तो पावाला लोणी लावायचा प्रयत्न करत होता, पाव बशीभर फिरत होता. मी वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढायला हात उचलला. एवढंच. त्याच्या हातातली सुरी खाली पडली, तो ओट्याशी दबला आणि प्लास्टरचा हात तोंडासमोर आला.

मी हात तसाच वर ठेवून उभा राहिलो. डबा घेऊ की नको तेच कळेना.

"सॉरी, सॉरी," तो इंग्रजीत म्हणाला आणि हसला. "आता असंच होतं. मूर्खपणा आहे. डॉक्टर म्हणतात जाईल." सुरी उचलताना त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू बघितलंस ना? मी म्हणतो दोन, तो म्हणतो एक. पोलिसांना वाटतं माझं डोकं आपटलं म्हणून मला दोन आठवतात."

मी डबा खाली ठेवला. "तुझा पाव मी लावून देऊ का?" एवढंच मला सुचलं.

"प्लीज," तो म्हणाला.

मी त्याला दोन पावांना लोणी लावून दिलं. तो हसला होता तसं मी शाळेत हसायचो. सरांनी खडू उचलला की मी खाली वाकायचो, वर्ग हसायचा, मग मीही हसायचो.

त्यानं मजल्यावरच्या सगळ्यांना छळलं होतं, हे खरं आहे. दादाच्या पायावरचे डाग मी बघितले आहेत. पण मोडलेली बोटं ही तोंडासमोर धरलेली बोटं होती. हात तोंडासमोर धरायला वेळ लागतो. फटका दिसल्यावर तो हात वर गेला, आणि हात वर गेलेला दिसल्यावर दुसरा फटका आला. हा हिशेब मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या वेळी तीच अधिकारी होती. बाजूला दुभाषी म्हणून साठीच्या एक मराठी बाई, राखाडी केस बारीक कापलेले, गळ्यात बारीक मंगळसूत्र. मी त्यांना मावशी म्हणणार होतो, पण त्यांनी आधीच सांगून टाकलं, "तुम्ही जेवढं बोलाल तेवढंच मी सांगणार. कमी नाही, जास्त नाही. समजावून सांगणं माझं काम नाही. चालेल ना?"

"चालेल."

मी अधिकाऱ्याला सांगितलं की माझा आधीचा शब्द चुकला होता. तो चिडलेला नव्हता. तो दचकला होता.

"दचकला," दुभाषी बाई म्हणाल्या आणि लगेच वळून, "एरश्रोकन."

इतक्या सहज. पाच आठवड्यांचा तिढा त्यांनी एका श्वासात सोडवला. अधिकारी बाईनं टाइप केलं. मग विचारलं, हे तुम्ही कशावरून सांगता?

मी सांगितलं. डोळे मिटले होते, खांदे वर गेले होते, मान आत गेली होती. मारायला नव्हे, वळतानाच हात फिरला. तो मुलगा येताना मला दिसला होता, तरी मी दादाला सावध केलं नाही, हेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. का नाही सावध केलं? मी म्हणालो, माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी सापडतंय, बरंच झालं, असं वाटलं. आणि मला त्याचं तोंड बघायचं होतं. मी चेहरे बघायचं काम करतो.

दुभाषी बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं.

"आल्झो," अधिकारी म्हणाली. "म्हणजे तुम्ही शेगडीकडे बघत नव्हता."

मला ते उशिरा कळलं. चेहरा बघितला म्हटलं की सगळंच बघितलं असं होतं. शब्द दुरुस्त करायचा तर डोळे उघडे होते हे कबूल करावं लागणार होतं. दादाला हे लक्षात आलं नव्हतं, मलाही नाही.

"नव्हतो," मी म्हणालो.

"फटके किती?"

मला विमानतळावर बॅग उचलणारा दादा दिसला. आपण मराठीत बोलतोय, या बाई समोर आहेत, खोटं बोललो तर यांना कळेल, असं वाटलं. इंग्रजीत मी कदाचित निभावून नेलं असतं. इंग्रजीतलं खोटं मला परक्याच्या शर्टासारखं वाटतं, घालता येतं. मराठीत तसं होत नाही.

"दोन."

"दुसऱ्या वेळीही तो दचकलेला होता?"

"नाही."

"मग चेहरा कसा होता? रागावलेला?"

"नाही."

"मग?"

मी शब्द शोधला. दहा-बारा बटणं डोळ्यासमोरून गेली. तो मुलगा खाली बसला होता, हात तोंडासमोर. दादाचे डोळे उघडे होते. तो त्या पसरलेल्या बोटांकडे बघत होता, आणि त्यानं लाटणं उचललं.

"नेहमीसारखा," मी म्हणालो. "पोळी लाटताना असतो तसा."

दुभाषी बाई थांबल्या. पहिल्यांदाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अधिकाऱ्याकडे, आणि सावकाश जर्मनमध्ये सांगितलं. पोळी हा शब्द त्यांनी समजावला नाही, नुसतं ब्रोट, म्हणजे पाव, म्हणाल्या. टाइप करायचा आवाज बराच वेळ चालला.

जाताना बाई जिन्यात माझ्या पुढे होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "जपून जा हं," आणि बस स्टॉपकडे वळल्या. त्यापलीकडे काही नाही.

दादाला कागद मिळाले तेव्हा त्यानं मला काही विचारलं नाही. त्यानं खोली बदलली. जिन्यात भेटला तर मान वळवायचा. निकाल लागला तो दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडून कळला. पहिल्या फटक्यासाठी त्याला दोषी धरलं नाही. दुसऱ्यासाठी धरलं. तुरुंगात जावं लागलं नाही, शिक्षा स्थगित ठेवली. थिसिस देण्यापुरता परवाना राहिला, पण पुढे ठरलेली नोकरी हातची गेली. माझ्या एका शब्दामुळे अर्धा सुटला आणि दुसऱ्या शब्दामुळे अर्धा अडकला. मी बरोबर केलं का, हे मला विचारलं तर मी अजून नीट उत्तर देऊ शकत नाही. जे दिसलं ते सांगितलं, एवढं म्हणू शकतो.

शेवटचा तो मला मार्चमध्ये भेटला. रविवारची दुपार होती. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो, पाठ दाराकडे. नळ सोडलेला होता, त्यामुळे पावलं ऐकू आली नाहीत.

"पोळपाट न्यायला आलोय," मागून आवाज आला. अगदी जवळून.

मी वळलो. वळता वळताच डोळे मिटले, खांदे वर गेले, आणि दोन्ही हात तोंडासमोर आले. बोटं पसरलेली. सुरी फरशीवर पडली. मी वाट बघत होतो. तात्यांच्या वेळी बघायचो तशीच, आता कुठे बसेल, कानावर की मनगटावर.

काही बसलं नाही. नळ वाहत होता. मी बोटांच्या फटीतून बघितलं.

दादा माझ्यापासून दोन हात अंतरावर उभा होता, त्याचे हात मोकळे, खाली सोडलेले. त्याच्या भुवया वर गेल्या होत्या, एकीपेक्षा दुसरी जास्त. तोंड अर्धवट उघडं होतं, काहीतरी बोलायला उघडलेलं आणि तिथेच राहिलेलं. तो अर्धं पाऊल मागे सरकला. यासाठी बटण होतं, टेकन अबॅक. आपला शब्द जास्त नीट आहे. तो हबकला होता. त्यात भीती नव्हती, मला ती या वेळी दिसली नाही.

"अरे," तो म्हणाला. "मी मारीन असं वाटलं तुला?"

"नाही," मी म्हणालो.

हात अजून तोंडासमोरच होते. ते खाली घ्यायला मला वेळ लागला, आणि तोवर तो बघत उभा राहिला. पोळपाट त्याच्या मागे फळीवर होता. तो न घेताच दादा गेला, जाताना दार अगदी हळू लावून.